डावीकडची कड

१

स्टुडिओत तिला सगळे खिळेबाई म्हणायचे आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. काम तसंच होतं. कोणीतरी धावताना, नाहीतर हलत्या गाडीतून, नाहीतर थंडीत कुडकुडत काहीतरी चित्रित करून आणायचं आणि ते थरथरणारं चित्र हिने जागच्या जागी खिळवून द्यायचं. त्याशिवाय पुढच्यांना त्यात खोटी इमारत उभी करता येत नाही की खोटा धूर सोडता येत नाही.

नव्याने कामाला लागणाऱ्यांना ती सांगायची, आधी चित्रात असं काहीतरी शोधा, जे हलत नाही याची तुम्ही शपथ घ्याल. दाराची चौकट, भिंतीवरचा डाग, स्विचबोर्डाचा कोपरा. त्याला धरा. तो जितका हलला तितका कॅमेरा हलला असं माना आणि चित्र तेवढंच उलट सरकवा. सरकवलं की कडा उघड्या पडतात, म्हणून चित्र जरासं मोठं करा आणि कडा कापून टाका. झालं. चुकून हलणाऱ्याच वस्तूला धरलंत, तर ती थांबते आणि बाकीचं सगळं जग हलायला लागतं. तसं झालं की हसून घ्यायचं आणि पुन्हा करायचं.

नियम दोनच होते. पहिला, मूळ चित्रावर काहीही साठवायचं नाही, काम नेहमी नकलेवर. दुसरा, श्वास ठेवायचा. श्वास हा त्यांच्यातला शब्द. हातातल्या कॅमेऱ्याचं चित्र अगदी दगडासारखं स्थिर केलं तर माणसांना ते बघवत नाही. का ते सांगता येत नाही, पण बघणारे अंग चोरून बसतात. म्हणून थोडंसं डुलणं मुद्दाम मागे ठेवायचं, कॅमेऱ्यामागे कोणीतरी आहे एवढं कळण्यापुरतं.

वीस वर्षं तिने हे दोन्ही नियम डोळ्यांत तेल घालून पाळले. मोडले ते फक्त एकदा, स्वतःच्या घरी, स्वतःच्या बाबांच्या बाबतीत. त्याचं तिला आजही इतकं वाईट वाटतं, की कोणी खिळेबाई म्हणून हाक मारली तर ती ओ द्यायला उशीर करते.

२

बाबांच्या हातांना कंप होता. शेवटची सहा वर्षं चहाचा कप बशीवर वाजल्याशिवाय त्यांना उचलता येत नसे. आणि नेमका त्याच वयात त्यांना व्हिडिओ काढायचा नाद लागला. छोटा कॅमेरा घ्यायचे आणि दिवसभर आईच्या मागे. आई चादरीच्या घड्या घालतेय, आई चष्मा शोधतेय, आई बटण शिवतेय. "अहो, पुरे आता," असं आई म्हणायची आणि तिथे व्हिडिओ संपायचा.

एकदा जेवणाच्या टेबलावर त्यांनी मोठ्या हौसेने एक व्हिडिओ लावला. दिवसभर दुसऱ्यांची थरथर निस्तरून खिळेबाई घरी आली होती, डोकं ठणकत होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तुमचं काढलेलं माणसाला बघता येत नाही हो. चक्कर येते."

बाबा हसले. "आता आमच्या हातांनाच घाई, त्याला मी काय करू?" म्हणाले आणि कॅमेरा बंद केला. त्यानंतर तिच्यासमोर त्यांनी तो कधी काढला नाही. ती नसताना काढत राहिले, हे तिला ते गेल्यावर कळलं. त्रेचाळीस व्हिडिओ निघाले. एकातही बाबा नव्हते. असणार कसे, ते कॅमेऱ्यामागे.

आईने ते दुपारी जेवण झाल्यावर बघायला सुरुवात केली. रोज एक. त्रेचाळीस संपले की पुन्हा पहिल्यापासून. पण आईला खरंच चक्कर यायची. कानाचा जुना त्रास होता. बघून झालं की ती खुर्चीचे हात घट्ट धरून डोळे मिटून बसे.

"कशाला बघतेस मग?" खिळेबाईने विचारलं.

"बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही," आई म्हणाली. "तुझं रोजचंच काम आहे ना गं हे? मग घरच्यासाठी वेळ नाही होय?"

ती चेष्टेत म्हणाली होती. लेकीला मात्र ते लागलं. बाबांना आपण जे बोलून गेलो ते आता हाताने पुसता येईल, असं तिच्या मनाने घेतलं.

३

लागोपाठ सहा रविवार ती मागच्या खोलीत बसली. खोली साधीच, एक टेबल, एक खिडकी, भिंतीला टेकवलेली इस्त्रीची घडवंची. बाहेर शेजारच्यांचं कपडे धुण्याचं यंत्र गुरगुरत असायचं.

पहिलाच व्हिडिओ चादरींचा. तिने स्विचबोर्डाचा कोपरा धरला. बाबांच्या हाताची थरथर पडद्यावर रेषा होऊन उमटली, बारीक, टोकदार, मध्येच एखादा मोठा झटका. मग तिने ती सपाट केली आणि खोली शांत झाली. चादर, पलंग, आईचे हात, सगळं स्वच्छ दिसायला लागलं.

श्वास ठेवायचा की नाही, हे तिने मनात घोळवलं. परक्यांच्या कामात ठेवतो तेवढा ठेवावा, असं वाटलंही. पण आईच्या कानाला तेवढंही सोसलं नसतं. आणि खरं सांगायचं तर तिला हे काम बाबांसाठी जमेल तितकं उत्तम करायचं होतं, तसूभरही कसर नको होती. तिने श्वास शून्य केला.

डिस्क भरत आली होती. तयार झालेला व्हिडिओ साठवताना जुन्याच नावाने साठवायचा का, असं संगणकाने विचारलं. स्टुडिओत असं कोणी केलं असतं तर तिने त्याची बिनपाण्याने केली असती. घरी तिने 'हो' दाबलं. दादाच्या मुलीला बाबांचा कॅमेरा देऊन टाकताना कार्डही पुसून दिलं होतं. मूळ असं जगात कुठे उरणार नाही, हे तिला त्या क्षणी कळत होतं. पण ते थरथरणारं ठेवून करायचंय काय, असंही वाटलं.

बेचाळीस झाले. त्रेचाळिसावा काही केल्या जमेना. तो गच्चीतला होता, एकोणीस सेकंदांचा. दोऱ्यांवर वाळत घातलेले पांढरे पडदे वाऱ्याने उडतायत, मधे आई चिमटे काढतेय. मागे नुसतं आकाश. कोपरा नाही, डाग नाही, धरायला न हलणारं काहीच नाही. तो तिने तसाच बाजूला ठेवला.

४

खटकलं ते पाचव्या-सहाव्या व्हिडिओपासूनच, पण कामाच्या भरात तिने ते मागे सारलं होतं.

आई बटण शिवता शिवता वर बघते. थरथरत्या चित्रात ती कॅमेऱ्याकडे बघतेय असंच वाटायचं. चित्र खिळल्यावर दिसलं, की तिची नजर आधी कॅमेऱ्याच्या जरा वर असते आणि मग हळूहळू डावीकडे सरकते. एखादा माणूस कॅमेऱ्यामागून निघून, भिंतीच्या कडेकडेने, दोन-तीन पावलं पुढे आला तर बघणाऱ्याची नजर कशी जाईल, तशी. चित्राच्या डाव्या कडेशी ती थांबते. मग आई म्हणते, "अहो, पुरे आता." तिकडेच बघत.

खिळेबाई काही भाबडी बाई नव्हती. बाबाच डावीकडे सरकले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. पण माणूस कॅमेऱ्यासकट सरकला की जवळची खुर्ची आणि लांबचं कपाट एकमेकांसमोरून सरकतात. वीस वर्षं तिने तेच बघितलं होतं. इथे खुर्ची कपाटासमोर होती तिथेच होती. कॅमेरा जागचा हललाच नव्हता. मग ठेवला असेल टेबलावर आणि गेले असतील पुढे. तेही नाही. थरथरीची रेषा शेवटपर्यंत तशीच चालू होती, म्हणजे कॅमेरा शेवटपर्यंत कोणाच्या तरी हातात होता.

तिने हेडफोन लावले. बाबांचा खोकला ओळखीचा, शेवटी बारीक शीळ असलेला. सुरुवातीला तो अगदी कानाशी येत होता. पुढे तो लांब गेला, डाव्या कानात, खोलीच्या आतल्या बाजूला. आणि त्याच वेळी अगदी माइकजवळ, कॅमेऱ्याच्या अंगावर कोणाचंतरी बोट हळूहळू घासत होतं.

तिने हेडफोन काढले आणि जरा वेळ शेजारच्यांच्या यंत्राची गुरगुर ऐकत बसली. कान वाजत असतील, असं म्हणून तिने पुढचा व्हिडिओ घेतला. बेचाळीसच्या बेचाळीस तसेच होते.

५

सोमवारी तिने एक व्हिडिओ स्टुडिओत रंगाऱ्याला दाखवला. रंगारी म्हणजे चित्रांचे रंग सारखे करणारा, तिच्या बरोबरीचा, जिभेला हाड नसलेला माणूस. घरचा आहे एवढंच तिने सांगितलं.

त्याने तो पुन्हा एकदा लावून बघितला. मग म्हणाला, "काम चोख आहे. स्टँडवर लावला होता?"

"हातात होता."

"कोणाच्या?"

"बाबांच्या."

"मग थोडा श्वास ठेवायचास की गं, खिळेबाई." त्याने खुर्ची मागे सरकवली. "असं वाटतंय, कॅमेरा धरून कोणीतरी उभं आहे आणि त्याला श्वास घ्यायची गरजच नाहीये. राग मानू नकोस. चहा घेतेस?"

ती नको म्हणाली. मूळ चित्र आण, पुन्हा करू आपण दोघं, असं तो म्हणाला तेव्हा तिने मान खाली घातली. मूळ नाहीये, हे त्याला सांगायची तिला लाज वाटली.

६

आईने पहिल्या दिवशी तोंडभरून कौतुक केलं. तीन व्हिडिओ सलग बघितले, चक्कर आली नाही. दादाला फोन करून सांगितलं, "हिने काय केलंय बघ एकदा येऊन, हातच लावलाय सोन्याचा." खिळेबाईचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी आईने आणखी सहा बघितले. काहीतरी हरवलेलं शोधावं तशी बघत होती, पडद्याच्या जवळ जाऊन. आठवड्याभरात बेचाळीस संपवले. त्यानंतरच्या दुपारी ती खुर्चीत बसली, पण लाव म्हणाली नाही.

"का गं? आज नको?"

"ह्यात ते नाहीत," आई म्हणाली.

"आई, बाबा कुठल्याच व्हिडिओत नव्हते. ते काढायचे ना."

"काढायचे, ठाऊक आहे मला. ते असताना नव्हते दिसत. गेल्यावर दिसायला लागले." आईचा आवाज अगदी रोजचा होता, दूधवाला आला नाही हे सांगतानाचा. "चित्र हललं की त्या अंगाला जरा जास्त दिसायचं, डावीकडे. तिथे उभे असायचे. कधी बाही, कधी खांदा. एकदा पूर्ण चेहरा दिसला. जरासाच, झटक्यासरशी. म्हणून तर बघायचे मी, नाहीतर डोकं गरगरवून घ्यायची हौस आहे का मला?"

हात डावीकडे झटकला की कॅमेऱ्याला त्या कडेचं थोडं जास्त दिसतं, हे बरोबरच होतं. आणि नेमकी तीच कड खिळेबाई प्रत्येक व्हिडिओतून कापून टाकत आली होती.

"मग शिवताना तू डावीकडे का बघत होतीस?" तिने विचारलं.

"मी? मी कॅमेऱ्याकडेच बघत होते," आई म्हणाली. "ह्यांच्याकडे."

७

थरथरीच्या रेषा अजून साठवलेल्या होत्या. बेचाळीस फायली, नुसते आकडे. पुढच्या रविवारी तिने त्या उलट लावल्या, जेवढं काढलं होतं तेवढं परत घातलं. चित्र पुन्हा थरथरायला लागलं, अगदी बाबांच्या हातासारखं. क्षणभर तिला वाटलं, सुटले.

पण कापलेलं कुठून येणार? चित्र उजवीकडे सरकलं की डाव्या बाजूला काळी पट्टी उघडी पडायची. हललं की काळं, हललं की काळं.

तिने आईला बोलावलं. आईने बघितलं आणि उठून पडद्यापाशी गेली. काळी पट्टी उघडली तशी तिने तिच्यावर बोट ठेवलं.

"इथे असायचे," ती म्हणाली. बोट तिथेच ठेवून ती पुढच्या झटक्याची वाट बघत राहिली. पट्टी उघडत होती आणि मिटत होती.

"आई, चुकलं माझं."

"मुद्दाम का केलंस तू?" आई म्हणाली. पण बोट तिने काढलं नाही, आणि लेकीकडे बघितलंही नाही.

जेवणाच्या टेबलावर ती बाबांना बोलून गेली तेव्हा निदान ते समोर होते, हसले तरी होते. आता माफी कोणाकडे मागायची, हेच तिला कळेना. ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

८

त्रेचाळिसावा उरला होता.

आई दुपारची पडली होती तेव्हा तिने तो उघडला. काही करायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं. आधी त्याची नक्कल केली, आणखी एक केली, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवल्या. मग एकेक फ्रेम पुढे नेत बसली. एकोणीस सेकंद म्हणजे पावणेपाचशे फ्रेमा.

पडदे, आकाश, आईचा हात, चिमटा. एकशे बाराव्या फ्रेमला डाव्या कडेला राखाडी काहीतरी आलं. पुढच्या फ्रेमला गेलं. दीडशेच्या आसपास पुन्हा आलं, तेव्हा ते बाही आहे हे कळलं. बाबांचा राखाडी स्वेटर, कोपरावर विरलेला. दोनशे तिसाव्या फ्रेमला एक पंजा दिसला आणि दोनशे एकतिसाव्या फ्रेमला दुसरा. दोन्ही हात मोकळे होते, छातीशी धरलेले. आणि त्या हातांना कंप नव्हता. त्यानंतर जिथे जिथे ते दिसले, तिथे तिथे तसेच शांत होते.

बाबांचे दोन्ही हात इथे आहेत, हे तिने मनात नीट म्हटलं. मग हे हलतंय कोणाच्या हातात?

पुढे जाऊ नये, असं तिला आतून वाटत होतं. तरी तिने कळ दाबली. चारशे चौथ्या फ्रेमला चेहरा आला, अर्धाच, पडद्याच्या कापडाआडून. बाबा आईकडे बघत नव्हते. ते कॅमेरा धरणाऱ्याकडे बघत होते. तिला ती नजर ओळखू आली. दवाखान्यात सुई टोचायला कोणी आलं की ते असे बघायचे, नाही म्हणायची सोय नसल्यासारखे.

मागे चाहूल लागली. आई दारात उभी होती, केस विस्कटलेले.

"सापडले?" आईने विचारलं. आणि जवळ येऊन बघितलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की खिळेबाईला दुसरीकडे बघावं लागलं.

"आई, कॅमेरा कोण धरतंय मग?"

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "ते मी कधी विचारलं नाही, बाळ. जो कोणी धरतो, तो धरतो म्हणून हे येतात. तू पण विचारू नकोस."

९

त्या दिवसापासून रोज दुपारी तोच एक व्हिडिओ लागायचा. एकोणीस सेकंद. खिळेबाईने स्टुडिओतून दुपारची सुट्टी मागून घेतली. लावून द्यायची आणि आईच्या खुर्चीमागे उभी राहून तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवायची, गरगरू नये म्हणून. स्वतः डोळे मिटून घ्यायची.

"दिसले?"

"दिसले. चेहरा दिसला."

दहाबारा दिवस असं चाललं. मग एकदा आई म्हणाली, आज खांद्यापर्यंतच. मग नुसती बाही. व्हिडिओ तोच होता, फाइल तीच होती. तिने डोळे उघडून एकेक फ्रेम तपासली. चारशे चौथ्या फ्रेमला पांढरं कापड होतं आणि मागे आकाश. डिस्कवरच्या दोन्ही नकलाही तिने लावून बघितल्या. तिथेही कापड आणि आकाश.

"असं का होतंय गं?" तिने विचारलं. आईकडे त्याचं उत्तर असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"त्रेचाळीस होते तेव्हा दीड-दोन महिन्यांनी एकदा पाळी यायची एका ठिकाणची," आई म्हणाली. "आता रोज त्या गच्चीतच यायचं. उभं राहायचं. तो धरतो तोवर हलता येत नसणार त्यांना." ती हात मांडीवर घेऊन बसली होती. "आज बोटंच आली. आणि ती थरथरत होती."

खिळेबाई खुर्चीपुढे येऊन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. तिने टेबल पुसलं, खिडकीचा पडदा ओढला आणि व्हिडिओ लावायला हात पुढे केला. आईने तो हात धरला.

"राहू दे आज," ती म्हणाली. "दमलेत ते."

"उद्या लावू?"

आईने व्हिडिओच्या बंद, काळ्या पडद्याकडे बघितलं. मग तिने मान हलवली, नाही म्हणून, आणि लेकीचा हात सोडला.